आधी जुना चुना काढा!



हॉस्टेलमध्ये वारसाहक्काने मिळणाऱ्या वस्तू तीन : ड्रॉइंग बोर्ड, सीनियरची जर्नल्स आणि कॉम्प्युटर. पहिल्या दोन वस्तूंना काही होत नाही. जर्नल्स तर दर बॅचला नवीन कव्हर चढवून अमर झालेली असतात! कॉम्प्युटर मात्र म्हातारा होत जातो. आधी पंख्याचा आवाज वाढतो, मग गेम अडकायला लागतो आणि एक दिवस, नेमक्या सबमिशनच्या आदल्या रात्री, सिम्युलेशन नव्वद टक्क्यांवर असताना स्क्रीन काळी!

मग विंगमधले तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो, फॉरमॅट मार. दुसरा म्हणतो, रॅम वाढव. तिसरा म्हणतो, विकून टाक, नवीन घे (पैसे त्याला द्यायचे नसतात). आणि चौथा, जो खोलीत फक्त चहासाठी आलेला असतो, तो म्हणतो, "अरे, गरम होतोय तो. चुना लाव."

चुना म्हणजे थर्मल पेस्ट. पांढरी, चिकट, पानवाल्याच्या डबीतल्यासारखी दिसते म्हणून हे नाव. हा चौथा बऱ्याचदा बरोबर असतो, पण अर्धाच. कारण पेस्ट लावणं हे दोन मिनिटांचं काम आहे. खरं काम असतं जुनी पेस्ट काढण्याचं, आणि तेच लोक टाळतात. जुन्यावरच नवीन थापतात आणि मग पेस्टच्या कंपनीने आपल्याला चुना लावला म्हणून बोंबलतात. हा लेख त्या टाळलेल्या कामाबद्दल आहे.

ही पेस्ट करते तरी काय?

फर्स्ट इयरचं वर्कशॉप आठवा. फिटिंग शॉपमध्ये हाताला फोड येईपर्यंत जॉब फाइल केला, आरशासारखा झाला असं वाटलं. मग सरफेस प्लेटवर निळा रंग लावून जॉब टेकवला, तर निळा डाग चार ठिकाणीच! बाकी सगळा जॉब हवेत. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि त्यावर बसणारा हीट सिंक यांचीही तीच कथा. डोळ्यांना दोन्ही सपाट दिसतात, पण एकमेकांना ते थोड्याच उंचवट्यांवर टेकतात. मधल्या फटींत हवा.

आणि हवा ही उष्णतेच्या बाबतीत अत्यंत आळशी. ह्या गुणधर्माला मराठीत उष्णतावाहकता म्हणतात, हे मला शब्दकोशात बघावं लागलं. पुढे मी थर्मल कंडक्टिव्हिटीच म्हणणार आहे, मराठीच्या मॅडमनी समजून घ्यावं. नेहमीच्या एककात, म्हणजे वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये, तांब्याची कंडक्टिव्हिटी साधारण ४००, शुद्ध अॅल्युमिनियमची २३७ च्या आसपास आणि हवेची फक्त ०.०२६. पेस्ट या दोघांच्या मध्ये बसते. साधी पांढरी पेस्ट १ च्या आसपास, चांगल्या पेस्टच्या डबीवर ४ पासून १० च्या वर आकडे छापलेले असतात.

म्हणजे पेस्ट धातूपेक्षा कितीतरी वाईट आहे! ती लावायची ती हवेपेक्षा बरी म्हणून. हा मुद्दा एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप समजतं.

आता थोडं गणित करू, ओरलला पण उपयोगी पडेल. उष्णतेचाही ओहम्स लॉ असतो. करंटच्या जागी वॉट, व्होल्टेजच्या जागी तापमानातला फरक. थराची जाडी घ्यायची, तिला कंडक्टिव्हिटी आणि क्षेत्रफळाच्या गुणाकाराने भागायचं, की थर्मल रेझिस्टन्स मिळतो. समजा प्रोसेसरचं झाकण ३० बाय ३० मिलिमीटर आहे, फट ०.०५ मिलिमीटर (बारीक केसाएवढी), आणि प्रोसेसर १०० वॉट उष्णता सोडतोय.

फट ५ कंडक्टिव्हिटीच्या पेस्टने भरली, तर तिच्या दोन बाजूंत फरक पडतो साधारण १.१ अंशाचा. चालेल.

त्याच फटीत निव्वळ हवा असेल, तर उत्तर येतं सुमारे २१४ अंश! प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकलेला असतो म्हणून एवढं होत नाही, पण हवेचा स्वभाव कळला.

आता तिसरं उदाहरण, आपलं लाडकं. जुन्या वाळलेल्या पेस्टवर नवीन थापली. थर झाला अर्धा मिलिमीटर आणि जुनी असल्यामुळे कंडक्टिव्हिटी धरू १. उत्तर, साधारण ५६ अंश. म्हणजे खोलीच्या तापमानात हीट सिंकची वाढ मिळवा, त्यात हे ५६ मिळवा, आणि मग प्रोसेसर का बंद पडतो ते सांगा.

"पण स्क्रू आवळल्यावर पेस्ट दाबली जाईल ना?" हा प्रश्न हमखास येतो. ताजी पेस्ट दाबली जाते, बाजूला सरकते, पातळ थर होतो. वाळलेली पेस्ट दाबली जात नाही. तिचे खडे होतात आणि ते दोन धातूंना लांब धरून ठेवतात. टेबलाच्या पायाखाली खडा आला तर वर कितीही जोर लावा, टेबल डुगडुगणारच. तसंच.

पेस्ट बिघडते कशी?

थर्मल पेस्ट म्हणजे तेल आणि पावडर. तेल बहुतेक वेळा सिलिकॉनचं, आणि पावडर झिंक ऑक्साइड, अॅल्युमिनियम ऑक्साइड अशा गोष्टींची. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी पॉवर सप्लायच्या प्रॅक्टिकलला ट्रान्झिस्टर आणि हीट सिंकच्या मध्ये जे पांढरं लावलं, ते याच कुळातलं.

कॉम्प्युटर चालू केला की धातू तापून फुगतो, बंद केला की आकसतो. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं. या हालचालीने पेस्ट थोडी थोडी मधून बाहेर ढकलली जाते. शिवाय तेल हळूहळू सुटतं आणि पावडर मागे उरते. शेवटी मे महिन्यातल्या शेतासारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांत पुन्हा तीच आळशी हवा.

प्रोसेसर मात्र हुशार झालेत. २००१ साली टॉम्स हार्डवेअरवाल्यांनी चालू मशीनवरचा हीट सिंक काढून बघितला होता. पेन्टियम ४ ने आपला वेग कमी करून जीव वाचवला, एएमडीचा तेव्हाचा अॅथलॉन काही क्षणांत जळाला. आता दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर आधी वेग कमी करतात, तरी जमलं नाही तर मशीन बंद करतात. बऱ्याच मॉडेल्सची ही मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे "मशीन स्लो झालंय" या तक्रारीमागे व्हायरस नसून ताप असू शकतो!

उघडण्याआधी निदान

डॉक्टरसुद्धा आधी थर्मामीटर लावतात. विंडोजवर कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूमॉनिटर, लिनक्सवर सेन्सर्स ही कमांड. मशीन रिकामं असतानाचं तापमान लिहून घ्या. मग सगळे कोअर कामाला लागतील असं काहीतरी दहा मिनिटं चालवा आणि पुन्हा लिहा. खोलीचं तापमानही लिहा. नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात खोलीच ४० ला असते, आणि पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही.

मग कॅबिनेट उघडून बघा. पंखा फिरतोय का? हीट सिंकच्या पात्यांत धुळीची गोधडी आहे का? इंटेलच्या खोक्यातून येणाऱ्या कूलरला बहुतेक चार प्लास्टिकच्या पिना असतात, त्यातली एक सुटून वर आलीय का? बऱ्याच मशीनचं दुखणं इथेच सापडतं. धूळ ब्रशने काढा, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. एवढ्याने तापमान उतरलं तर पेस्टला हात लावू नका. पिन सुटलेली असेल तर मात्र पेस्टचा थरही फाटलेला असतो, तेव्हा पुढचं सगळं करावं लागेल.

काय वापरायचं, काय नाही

सगळ्यात योग्य म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजेच आयपीए. शक्यतो ९९ टक्केवालं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा कोणत्याही गावातलं मोबाइल रिपेअरिंगचं सामान विकणारं दुकान. तिथे नुसतं 'आयपीए द्या' म्हटलं तरी कळतं. ७० टक्केवालंही चालतं, पण उरलेलं ३० टक्के पाणी असतं, म्हणून वाळायला जास्त वेळ द्या. केमिस्ट्री लॅबमध्येही असतं. लॅब असिस्टंटना विचारून घ्या, उचलून आणू नका.

आता हॉस्टेलमध्ये सुचवले जाणारे बाकीचे उपाय :

सॅनिटायझर. २०२० नंतर प्रत्येक कपाटात एक अर्धी बाटली आहेच. त्यात अल्कोहोल असतं हे खरं, पण हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनसारख्या गोष्टीही असतात. त्या उडून जात नाहीत, धातूवर थर सोडतात.

नेलपॉलिश रिमूव्हर. त्यात बहुधा अॅसिटोन असतं, जे कित्येक प्लास्टिक्सना खातं. वर तेल आणि सुगंध वेगळाच.

रॉकेल, पेट्रोल, गंज काढायचे स्प्रे. तेलकट थर मागे राहतो, आणि पहिल्या दोघांनी रूम पेटू शकते.

पाणी आणि साबण. मदरबोर्डजवळ नको.

कापडाच्या बाबतीत, धागे सुटणारं काहीही नको. कापूस बाद, मेसमधले टिश्यू बाद. चष्मा पुसायचं मायक्रोफायबर उत्तम. नाहीतर खूप वेळा धुतलेला सुती रुमाल. कोपऱ्यांसाठी इअरबड्स, आणि खरवडायला एखादं मुदत संपलेलं एटीएम कार्ड. स्टीलची पट्टी, ब्लेड, कंपासचं टोक, ड्राफ्टरचा स्क्रू, असलं काही हातात घेऊ नका. ओरखडा म्हणजे नवीन फट.

एक गोष्ट गंमतीत घेऊ नका. आयपीएची वाफ साधारण १२ अंशांनासुद्धा पेट घेऊ शकते. म्हणजे मुंबईच्या जानेवारीतल्या रात्रीसुद्धा! तेव्हा खिडकी उघडी, डासांची कॉइल बंद, मॅगीची कॉइल बंद, अगरबत्ती आणि सिगारेट बाहेर. गादीवर बसून हे काम करू नका, टेबलावर करा. रेक्टर सरांनी हा परिच्छेद वाचला तर त्यांना बरं वाटेल अशी आशा आहे.

काढण्याची रीत

१. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा. वाळलेली पेस्टही थोडी मऊ होते. मग शट डाउन करा, वायर भिंतीतून काढा, आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलासुरला चार्ज घालवा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्टॅटिक निघून जाईल. पंख्याची वायर मदरबोर्डवरून काढायला विसरू नका.

२. हीट सिंक सरळ वर ओढू नका. स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करा. मग हीट सिंक डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. हे एएमडीवाल्यांसाठी फार महत्त्वाचं. एएम४ सॉकेटपर्यंतच्या प्रोसेसरला पिना स्वतःच्या पोटाखाली असतात. घट्ट पेस्टला चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, आणि पिना वाकतात. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये, आणि इंटेलच्या डेस्कटॉपमध्ये २००४ पासूनच, पिना मदरबोर्डवर असतात आणि वर लोखंडी चौकट असते, त्यामुळे तिथे हा धोका नाही.

३. आधी कोरडं पुसा. लगेच अल्कोहोल ओतलं तर राखाडी चिखल होतो आणि तो सगळीकडे पसरतो. कोरड्या कापडाने आणि कार्डाच्या कडेने जेवढी निघते तेवढी काढा. दिशा नेहमी कडेकडून मधोमध, म्हणजे खडे बोर्डावर पडणार नाहीत.

४. आता कापडाचा कोपरा आयपीएने ओला करा. कापड ओलं करायचं, प्रोसेसर नाही! इथे एक गैरसमज काढून टाकू. अल्कोहोल पेस्टला साखरेसारखं विरघळवत नाही. त्यातली पावडर तर अजिबात विरघळत नाही. अल्कोहोल पेस्ट सैल करतं आणि कापड ती उचलून नेतं. म्हणून बाटली रिकामी करून काही होत नाही. कापडाची स्वच्छ बाजू बदलत राहणं हेच खरं काम. फारच कडक झाली असेल तर ओलं कापड मिनिटभर वर ठेवा, मग पुसा.

५. हीच क्रिया हीट सिंकच्या तळाला. तिथे मशिनिंगच्या बारीक रेषा असतात आणि पेस्ट त्यात जाऊन बसते. रेषांच्या दिशेने पुसा, आडवं पुसलं तर राहते.

६. थांबायचं कधी? नवीन कापडाच्या ओल्या कोपऱ्याने पुसल्यावर कापड पांढरंच राहिलं की झालं. मग शेवटचा एक हात फिरवा, पाच मिनिटं वाळू द्या, आणि त्यानंतर बोट लावू नका. "किती चकाचक झालंय" म्हणून प्रत्येक जण एकेकदा बोट फिरवून बघतो आणि बोटाचं तेल तिथे लागतं. लागलंच तर पुन्हा पुसा.

पिनांमध्ये पेस्ट गेली तर काय? प्रोसेसरच्या खालच्या पिनांत असेल तर मऊ, नवा टूथब्रश आयपीएत बुडवून हलक्या हाताने पिनांच्या ओळीतून फिरवा. मदरबोर्डवरच्या सॉकेटच्या पिनांत असेल तर तिथेच थांबा. त्या केसाएवढ्या स्प्रिंग्ज असतात, कापडाचा एक धागा अडकला तरी वाकतात. ते काम रिपेअरवाल्याचं.

लॅपटॉपवाल्यांसाठी

लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण सहसा नसतं, समोर उघडी सिलिकॉनची चिप असते. तिची कडा टिचकीसरशी तुटू शकते, म्हणून एटीएम कार्ड इथे बाद. फक्त कापड आणि इअरबड. मागचं कव्हर काढल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन काढा. चिपच्या आजूबाजूला मोहरीपेक्षा बारीक कपॅसिटर असतात. त्यांच्यामध्ये साधी पांढरी किंवा राखाडी पेस्ट अडकली असेल तर ती सहसा वीज वाहून नेत नाही, राहू द्या. ती खरवडताना कपॅसिटर उडवण्यापेक्षा ते बरं.

शेजारच्या चिप्सवर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतील, त्यांना थर्मल पॅड म्हणतात. त्या अर्धा, एक, दीड मिलिमीटर अशा ठरलेल्या जाडीच्या असतात कारण तिथली फटच तेवढी असते. त्यांच्या जागी पेस्ट भरू नका, आणि अल्कोहोलने पुसूही नका.

आणि उघडल्यावर आरशासारखा चमकणारा, पाऱ्यासारखा द्रव दिसला, तर ती पेस्ट नाही. तो लिक्विड मेटल, म्हणजे गॅलियमचा मिश्रधातू. काही गेमिंग लॅपटॉपमध्ये आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तो वापरलाय. तो वीज वाहून नेतो आणि अॅल्युमिनियमला खातो. एक थेंब बोर्डावर पडला तर काम तमाम. झाकण लावा आणि जाणकाराकडे न्या.

मग नवीन लावा

हा भाग थोडक्यात. डेस्कटॉपच्या झाकणावर मधोमध लहान वाटाण्याएवढा ठिपका, स्क्रूचा दाब तो पसरवतो. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर पातळ थर, पण पूर्ण चिप झाकणारा, कारण तिथे कोपराही तापतो. स्क्रू समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे. मेकॅनिकलवाले सिलिंडर हेडचे बोल्ट आवळतात तसे. पंख्याची वायर जोडा आणि मगच चालू करा. टूथपेस्ट लावणाऱ्यांनो, तिच्यातलं पाणी काही दिवसांत उडून जातं आणि खाली खडू उरतो. म्हणजे पुन्हा हा लेख पहिल्यापासून वाचा.

कधी करू नये

दर सेमिस्टरला नको. कॅलेंडर बघून नको, तापमान बघून करा. वॉरंटीतलं मशीन उघडण्याआधी वॉरंटीचा कागद वाचा. बोर्डावरचा एखादा छोटा हीट सिंक हलत नसेल तर तो थर्मल गोंदाने चिकटवलेला असू शकतो, ओढलात तर चिपसकट येईल. आणि कॉम्प्युटर लॅबमधली मशीन्स कितीही तापली तरी ती कॉलेजची आहेत. लॅब असिस्टंटना सांगा, स्वतः स्क्रू ड्रायव्हर काढू नका.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. त्याच खोलीत, तेच काम दहा मिनिटं चालवून तापमान पुन्हा बघा. आधीचा आकडा, नंतरचा आकडा, खोलीचं तापमान, तारीख आणि पेस्टचं नाव एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कॅबिनेटच्या झाकणाला आतून सेलोटेपने चिकटवा. दोन वर्षांनी हा डबा ज्या ज्युनियरकडे जाईल त्याला फॉरमॅट मारायचा की चुना काढायचा, हे त्या चिठ्ठीवरून कळेल.